पिंकर्टन (अल्बम)

वीझर या अमेरिकी बँडचा दुसरा अल्बम. डीजीसी कंपनीने तो २४ सप्टेंबर १९९६ रोजी बाजारात आणला. दहा गाणी, जेमतेम ३४ मिनिटे. दणदणीत गिटार आणि ओठांवर सहज रुळणारी चाल या पॉवर पॉपच्या खुणा त्यात आहेतच; १९९४ च्या पहिल्या अल्बमची सफाई मात्र मुद्दाम टाळलेली आहे. बँडचे मुख्य गायक-गीतकार रिव्हर्स क्युमो आणि साथीदार मॅट शार्प व ब्रायन बेल यांनी आवाज वेगवेगळे ध्वनिमुद्रित न करता तीन माइकांभोवती एकत्र उभे राहून गायले. त्यामुळे आवाज कुठे फाटतो, कुठे चिरकतो, आणि ते तसेच ठेवले आहे.

नाव इटालियन संगीतकार पुच्चीनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ (१९०४) या ऑपेरातले. पिंकर्टन हा अमेरिकी नौदल अधिकारी नागासाकीत लग्न करतो आणि निघून जातो. बायको बंदराकडे डोळे लावून बसते. हर्णै, दाभोळ, जयगडच्या वाचकाला हे फोड करून सांगायला नको. तिकडे अनेक घरांतला कुणीतरी ‘बोटीवर’ असतो, आणि दर्यावर गेलेल्या धन्याची वाट पाहणारी बाई कोळीगीतांत भेटते. त्या गाण्यांत मागे राहिलेली बोलते. या अल्बममध्ये सोडून गेलेला बोलतो, आणि स्वतःला पाठीशी घालत नाही. अल्बमचे मोल इथेच आहे.

पहिल्या यशानंतर क्युमो १९९५ मध्ये हार्वर्डला शिकायला गेले. आखूड पायाची लांबी वाढवण्याची शस्त्रक्रिया झालेली, पायाला धातूची चौकट, ओळखीचे कोणी नाही. ‘अक्रॉस द सी’ त्याच दिवसांतले. जपानमधल्या चाहतीचे पत्र आलेले असते. गाणारा तिचे पाकीट हुंगतो, चाटतो, आणि आपण किती केविलवाणे झालो आहोत हे त्याला कळतही असते. ऐकताना अवघडायला होते. शेवटच्या ‘बटरफ्लाय’मध्ये अकूस्टिक गिटार आणि सरळ माफी.

मुखपृष्ठावर जपानी चित्रकार हिरोशिगे यांचे कानबारा गावातल्या बर्फाळ रात्रीचे चित्र आहे.

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकी मासिकाच्या वाचकांनी १९९६ च्या वाईट अल्बमांत याला तिसरे स्थान दिले. इतके उघडे बोलून वर ही संभावना! क्युमो पुढे कित्येक वर्षे त्यापासून लांबच राहिले. श्रोत्यांनी मात्र तो हातोहात जपला, इमो (मनातले उघडपणे मांडणारा रॉक) बँडांनी त्यातून उचलले, आणि २००४ मध्ये त्याच मासिकाने पाच तारे दिले. २०१० मध्ये विस्तारित आवृत्ती निघाली आणि बँडने सगळी गाणी क्रमाने मंचावर वाजवली.