शीत-प्रारंभ, डिझेल इंजिनाचा

थंड हवेत बराच वेळ बंद राहिलेले डिझेल इंजिन सुरू करण्याची क्रिया व तीत येणाऱ्या अडचणी. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते. डिझेल इंजिनात इंधन पेटते ते दाबल्याने तापलेल्या हवेमुळे. ही हवा पुरेशी तापली नाही, तर बाकी सर्व भाग ठाकठीक असूनही इंजिन पेट घेत नाही.

संपीडन गुणोत्तर (हवा दाबण्यापूर्वीचे व दाबल्यानंतरचे आकारमान यांचे गुणोत्तर) १८ धरले आणि उष्णता मुळीच निसटत नाही असे मानले, तर २०° से.ची हवा सुमारे ६६०° से.पर्यंत तापते व −२०° से.ची सुमारे ५३०° से.पर्यंत. डिझेलचे स्वयंप्रज्वलन तापमान (ठिणगीविना आपोआप पेटण्याचे तापमान) साधारण २१०–२५०° से. असल्याने अडचण यायलाच नको, असे वाटेल. प्रत्यक्षात सिलिंडरच्या गार भिंती उष्णता शोषतात. सेल्फवर इंजिन मिनिटाला शे-दोनशे फेरेच घेत असल्याने त्यांना वेळही भरपूर मिळतो. पिस्टनच्या रिंगांमधून हवा निसटते ती वेगळीच. हा ऱ्हास धरून वरील तापमाने काढण्याच्या सूत्रातील घातांक (उष्णता न निसटल्यास १.४) १.२५ घेतला, की −२०° से.ची हवा जेमतेम २५०° से.ला पोहोचते. त्यातच, फवारा आत आल्यापासून पेट घेईपर्यंतचा विलंब तापमान घसरताच झपाट्याने वाढतो; तेवढ्यात पिस्टन खाली सरकतो आणि हवा पुन्हा निवते. न जळलेले इंधन मग सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते.

दाबाने पेटणाऱ्या इंजिनाचे श्रेय कोणाचे, हा जुना वाद येथे अप्रस्तुत नाही. गार इंजिन कशाने पेटते, हाच त्याचा गाभा आहे. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये पेटंट घेतले व ग्रँथम (इंग्लंड) येथील हॉर्न्सबी कारखान्याने त्यांची इंजिने १८९१–९२च्या सुमारास बनविण्यास घेतली. त्यांत दाब बेताचा असे आणि इंधन सिलिंडरला जोडलेल्या तप्त कुपीत पेटे. सुरू करण्यापूर्वी ही कुपी दिव्याच्या ज्योतीने काही मिनिटे तापवावी लागे. रूडोल्फ डिझेल यांना १८९२च्या अर्जावर जर्मन पेटंट १८९३ मध्ये मिळाले. त्यांच्या इंजिनाची यशस्वी चाचणी आउग्सबुर्ग येथे फेब्रुवारी १८९७ मध्ये झाली. हॉर्न्सबी येथे १८९२ मध्येच दाब वाढवून, ज्योतीविना इंजिन चालविले गेले, असे काही इंग्रज लेखक मांडतात. ते मान्य केले तरी विक्रीच्या ॲक्रॉइड इंजिनांना दिवा लागतच राहिला. बाहेरच्या उष्णतेविना पेट घेणे ही कसोटी लावली, तर डिझेल यांचा दावा अधिक बळकट ठरतो.

प्रॉस्पर लोरांज यांनी १९०९ मध्ये बेन्झ कंपनीत पूर्वज्वलन कक्षाची (सिलिंडरला जोडलेल्या, इंधन आधी जेथे पेटते अशा लहान कप्प्याची) रचना पुढे आणली. या कक्षाचा पृष्ठभाग जास्त, म्हणून उष्णतेची गळतीही जास्त; अशा इंजिनांना हीटर प्लग (कक्ष आधी तापविणारी विजेची कांडी) जवळजवळ अपरिहार्य झाला. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिने त्यामानाने सहज सुरू होतात. इंग्लंडमध्ये १९३०च्या सुमारास आलेल्या लिस्टर ‘सीएस’ इंजिनाच्या नावातच ‘कोल्ड स्टार्ट’ आहे. त्याच्या काही नमुन्यांत झडपेने कक्षाचा एक भाग बंद करून सुरुवातीपुरते संपीडन वाढवीत. राजकोटला या घडणीची इंजिने मोठ्या प्रमाणावर तयार झाली. हँडल मारून सुरू होणारी अशी संथ इंजिने महाराष्ट्रात विहिरी, गुऱ्हाळे व पिठाच्या गिरण्यांवर परिचित होती. ईथरचा फवारा इंजिन पटकन पेटवतो, पण हीटर प्लग तापलेला असताना तो मारणे धोक्याचे आहे.

इंधन गोठण्याची तक्रार वरील अडचणीपासून वेगळी काढली पाहिजे. डिझेलमधील सरळ साखळीचे पॅराफीन थंडीत मेणासारखे स्फटिक धरतात. टाकीतले डिझेल वाहते असतानाच फिल्टर तुंबतो, म्हणून इंजिन एकदा सुरू होऊन थोड्या वेळाने बंद पडते. भारतीय मानक आयएस १४६० फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यासाठी ६° से. व उन्हाळ्यासाठी १८° से. ठेवते. लडाखमध्ये हे पुरत नाही. तेथे टाकीखाली जाळ करण्याचा धोकादायक उपाय चालत आला. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये −३३° से. प्रवाहबिंदूचे (ज्या तापमानापर्यंत ते वाहते राहते, त्याचे) हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध केले. ते पानिपतच्या शुद्धीकरण कारखान्यात बनते. महाराष्ट्रात मेणाची अडचण क्वचितच. गारठ्यात इंजिन अडलेच, तर झिजलेल्या रिंगा किंवा उतरलेली बॅटरी आधी तपासावी.

शिसे-आम्ल बॅटरीची ताकद −१८° से.ला सुमारे निम्म्यावर येते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे सेल्फवर जास्त भार पडतो. ऑइलच्या डब्यावरील ‘डब्ल्यू’ आकडा थंडीतला घट्टपणा दाखवितो: ‘१५डब्ल्यू’ ऑइलचा घट्टपणा −२०° से.ला, तर ‘५डब्ल्यू’चा −३०° से.ला तपासला जातो.