कौटुंबिक नोंदी व छायाचित्रांचा ऑनलाइन शोध (मुंबई)

मुंबईतील मराठी कुटुंबांचे जुने दस्तऐवज, जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि फोटो इंटरनेटवरून हुडकण्याची पद्धत. परदेशी मार्गदर्शिका जनगणनेच्या घरोघरच्या तक्त्यांपासून सुरुवात करायला सांगतात. भारतात ती वाट बंद आहे, कारण १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार हे तक्ते कोणालाच पाहायला मिळत नाहीत. शिवाय गिरगाव-परळच्या चाळींतले बिऱ्हाड भाड्याचे, म्हणजे मालमत्ता पत्रकावर नाव चाळमालकाचे. त्यामुळे बहुतेक घराण्यांचा माग मुंबईत दोन-तीन पिढ्यांत संपतो आणि पुढे गावाला जातो. गाव, तालुका आणि त्या काळचा जिल्हा ठाऊक नसताना केलेली शोधाशोध बहुधा वाया जाते.

त्या काळचा जिल्हा मुद्दाम पाहावा लागतो. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, रायगड तोवर कुलाबा होता आणि पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. मालवणच्या माणसाची १९४० ची नोंद रत्नागिरीखाली मिळेल, सावंतवाडीची मिळणार नाही. ते तेव्हा संस्थान होते.

जन्म-मृत्यू. महापालिकेकडची जन्मनोंद राहत्या घराच्या नव्हे, तर जन्म जिथे झाला त्या विभागात असते. गिरगावात राहणारी बाई परळच्या वाडिया प्रसूतिगृहात बाळंत झाली असेल तर शोध एफ दक्षिण विभागात घ्यायचा. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने थोरल्या मुलाची नोंद अनेकदा आजोळच्या गावी सापडते आणि मुंबईत वर्षानुवर्षे शोधूनही हाती लागत नाही. दुसरी अडचण नावाची. नोंद बारशाआधी झालेली असेल तर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो. म्हणून शोध नावाने न घेता आईवडिलांची नावे आणि तारीख यांवरून घ्यावा. शाळेच्या दाखल्यावरची तारीख पुष्कळदा अंदाजाने लावलेली असते, तेव्हा मागचेपुढचे वर्षही धुंडाळावे.

गावची कागदपत्रे. महसूल विभागाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर खाते उघडून जिल्हा, तालुका, गाव आणि दस्तऐवजाचा प्रकार निवडला की जुने सातबारा, फेरफार यांच्या स्कॅन प्रती पाहता येतात. सगळे जिल्हे आणि सगळे दप्तर अजून चढलेले नाही. वंशावळीसाठी सातबाऱ्यापेक्षा फेरफार मोलाचा: खातेदार वारला की वारस लावताना मुलगे, मुली, विधवा यांची नावे एकाच नोंदीत येतात. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, ही गावची जन्म-मृत्यूची वही. २०२३ पासून मराठा कुटुंबांच्या कुणबी दाखल्यांसाठी सरकारने चालवलेल्या जुन्या नोंदींच्या शोधमोहिमेत अशी हजारो पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. जातीचा दाखला नको असला तरी घराण्याच्या शोधाला ती सोन्यासारखी आहेत.

इथेच नवखा अडतो. ही पाने म्हणजे चित्रे आहेत. शोधपेटीत आडनाव टाकून काही निघत नाही, पान न् पान उलटावे लागते. जुन्या पानांवर पुष्कळदा आडनावच नसते: ‘गणू बिन रामा’ म्हणजे रामाचा मुलगा गणू, ‘सखू कोम विठू’ म्हणजे विठूची बायको. म्हणून बाप-लेक किंवा नवरा-बायको अशी जोडी हाताशी ठेवून वाचावे. अनेक वह्या मोडीत आहेत. मोडी वाचणाऱ्याकडून एकच पान न वाचून घेता आजूबाजूची पाच-सहा वाचून घ्यावीत, भावकी शेजारी सापडते. शके दिसला तर ७८ मिळवावेत, फसली सन (जुने महसुली वर्ष) असेल तर ५९०. वर्षारंभ वेगळा असल्याने एका वर्षाचा फरक पडू शकतो.

काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत, म्हणजे वंशावळीची पुस्तके, इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. त्यांत पुरुषांच्या शाखा भरभरून आणि मुली एका ओळीत उरकलेल्या, हा त्यांचा मोठा दोष. कोकणातले जे खलाशी महायुद्धांत बुडाले, त्यांची नावे युद्धमृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या मोफत ऑनलाइन यादीत आहेत. काही नोंदींत बापाचे, बायकोचे आणि गावाचे नावही असते, पण इंग्रजी स्पेलिंग कानाला वाटेल तसे. गावाचे नाव मोठ्याने उच्चारून चार-पाच प्रकारे लिहून पाहावे.

छायाचित्रे. आपल्या पणजोबांचा फोटो गुगलवर सापडेल ही आशा सोडलेली बरी. खाजगी फोटो चुलत घरांच्या ट्रंकांत असतात आणि इंटरनेटचा उपयोग त्या घरांपर्यंत पोहोचण्यापुरता. अनुषा यादव यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’मध्ये कुटुंबांनी दिलेले फोटो आणि त्यामागची हकिगत आहे, ओळखीचा चेहरा क्वचितच मिळेल, पण पोशाख आणि बैठक पाहून आपल्या फोटोचा काळ ताडता येतो.

काळ ठरवायला फोटोची पाठ जास्त बोलते. स्टुडिओच्या शिक्क्यावर नुसते ‘बॉम्बे २८’ असा जुना टपाल विभाग असेल तर शिक्का बहुधा १९७२ पूर्वीचा, सहा आकडी ४०० ०२८ असेल तर नंतरचा, कारण पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. मात्र जुना शिक्का संपेपर्यंत वापरला जाई, हे धरून चालावे. पत्त्यात कॅडेल रोड लिहिला असेल तर तो आजचा स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग, लॅमिंग्टन रोड म्हणजे भडकमकर मार्ग.

स्कॅन करताना पोस्टकार्डाएवढ्या प्रतीला ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके) पुरतो, पासपोर्ट आकाराला १२००. पुढची आणि मागची बाजू एकाच क्रमांकाने जतन करावी. काळ्या पानांच्या अल्बममध्ये चिकटवलेला फोटो उपटू नये, पानासकट स्कॅन करावा. काचेला चिकटलेला फोटो ओढला तर वरचा थर काचेवरच राहतो, म्हणून फ्रेमसकट तिरक्या उजेडात मोबाइलने टिपावा. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि मागच्या ओळीतले चेहरे ओळखू येत नाहीत.