शीमधून रक्त पडणं म्हणजे दातांची उष्णता?

‘दात येताना बाळाला जुलाब होतात, थोडं रक्तही पडतं, उष्णता आहे, सब्जाचं पाणी पाजा.’ कळव्यापासून घणसोलीपर्यंत प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर हा निरोप फिरून गेलाय.

गैरसमज होणं साहजिक आहे. दात येतात सहाव्या महिन्यानंतर, आणि तेव्हाच बाळ रांगत चप्पल, रिमोट, पिंपाजवळचा ओला मग असं काहीही तोंडात घालतं. जंतू तिथून पोटात जातात. दाताने हिरडी शिवशिवते. आतड्यातून रक्त येत नाही.

आव-रक्त, ताप आणि कळ असेल तर बहुधा शिगेलासारखे जिवाणू असतात. अमिबा लहानग्यांत त्यामानाने कमी, त्यामुळे घरात उरलेली ‘अमिबाची गोळी’ देऊ नका. तान्ह्या बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जीही असू शकते. कडक शीवर लाल रेघ दिसली तर बहुतेक वेळा गुदद्वाराला चीर पडलेली असते. (आदल्या दिवशी बीट भरवलं होतं का, तेही आठवा!)

रक्त दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. डायपर सोबत न्या किंवा फोटो काढा. तोवर ओआरएस द्या, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात. अंगावरचं दूध, मऊ भात चालू ठेवा. झिंक, अँटिबायोटिक डॉक्टर ठरवतील. जुलाब थांबवणारी मोठ्यांची गोळी मात्र कधीच नको.

बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेत किंचाळतंय, उलट्या होतायत, शी लाल जेलीसारखी आहे? आतड्यात आतडं शिरलं असू शकतं. लघवी बंद, डोळे खोल, बाळ मलूल झालं तरीही थेट हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.