डोंगरात पहिल्यांदा सायकल नेताना
आमच्याकडून सायकल विकत किंवा भाड्याने घेणाऱ्यांसाठी

दुकानात येणारा नवा माणूस सहसा आधी विचारतो, "गिअर किती आहेत?" मग विचारतो, "शॉकअप दोन्हीकडे आहेत ना?" टायरमध्ये हवा किती ठेवायची, हे क्वचितच कुणी विचारतं. पुण्याच्या टेकड्यांवर सायकल न्यायची असेल तर आमच्या मते हाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा. म्हणून या पत्रकाची सुरुवात हवेपासून करतो.

आपला डोंगर काळ्या कातळाचा, त्यावर मुरूम. दिवाळीनंतर माती सुकली की कातळावर सुटे खडे उरतात आणि शेंगदाण्याच्या ढिगावर पाय पडावा तसं चाक सरकतं. कडक टायर अशा खड्यावर टेकतो आणि उडतो. थोडा मऊ टायर खड्याभोवती दबतो, म्हणून जमीन धरून ठेवतो. टायरच्या कडेला कमाल पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा छापलेला असतो, कुठे 50, कुठे 65. टायरला सोसेल अशी ती वरची हद्द असते. आपण किती हवा भरावी, हे तो आकडा सांगत नाही.

एक काका नवी सायकल घेऊन गेले आणि दोन आठवड्यांत विकायला परत आले. म्हणाले, "हात भरून येतात, उतारावर सायकल ताब्यात राहत नाही, माझं वय झालं." मी आधी हवा मोजली. वाटेतल्या पंक्चरवाल्याने दोन्ही चाकांत 60 भरली होती. आम्ही ती निम्म्यावर आणली आणि त्यांना त्याच उतारावर परत पाठवलं. सायकल विकायचा विषय त्या दिवशी संपला. ते अजून दर रविवारी जातात.

तुमचं वजन 65 ते 75 किलो असेल, टायर सव्वादोन इंची असेल आणि आत ट्यूब असेल, तर पुढे 28 आणि मागे 32 पीएसआयपासून सुरुवात करा. वजन जास्त असेल तर दोन-तीन अंक वाढवा, कमी असेल तर तेवढेच उतरवा. ट्यूब असताना फार खाली मात्र जाऊ नका. दगडावर आदळताना ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. हेल्मेटनंतर पहिली खरेदी हवा मोजता येणाऱ्या उभ्या पंपाची करा. पेट्रोल पंपावरची हवा एवढ्या कमी दाबासाठी नेमकी भरता येत नाही, आणि काही ट्यूबांना हवा भरायची बारीक नळी (प्रेस्टा व्हॉल्व्ह) असते, तिला तिथलं तोंड बसतही नाही.

सायकल कोणती घ्यावी?

पुढे शॉक, मागे कडक फ्रेम. एवढी सायकल पहिल्या दोन वर्षांना पुरते. स्वस्त सायकलीला मागेही शॉक दिलेला असेल तर ती जड होते, चढावर झोके खाते आणि त्या मागच्या सांध्यात काही महिन्यांत खुळखुळा सुरू होतो. तोच पैसा चांगल्या ब्रेकवर आणि चाकांवर घाला. डिस्क ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तारेऐवजी तेलाच्या दाबाने लागणारे, मिळत असतील तर तेच घ्या, कारण एका बोटाने दाबता आले की बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. सायकलीचा साइज उंचीप्रमाणेच घ्या. "मुलगा वाढेल" म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका.

या खेळाची सुरुवातही जुन्या सायकलींवर झाली. कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेत आणि खडकाळ वाटेने खाली सोडत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी 'रिपॅक' नावाच्या उतारावर पहिली शर्यत लावली. त्या सायकलींना पेडल उलटं फिरवून लागणारा मागचा ब्रेक होता. एका उतारात तो इतका तापायचा की हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून जायचं आणि नवीन भरावं लागायचं, म्हणून उताराचं नाव रिपॅक, इंग्रजीत 'पुन्हा भरणे'. वीस वर्षांनी, 1996 मध्ये, अटलांटा ऑलिंपिकमध्ये माउंटन बायकिंगला जागा मिळाली. सुरुवात भारी सायकलीवरच व्हायला हवी, ही समजूत तुम्ही मनातून काढावी असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यासाठीच सायकल आधी महिनाभर भाड्याने द्यायची पद्धत ठेवली आहे. नंतर विकत घेतलीत तर ते भाडं किमतीतून वजा होतं.

आधी मैदान, मग टेकडी

सीटची उंची अशी ठरवा: भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा आणि टाच खाली गेलेल्या पेडलवर ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून पेडल मारताना गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. उतार सुरू होण्याआधी हीच सीट दोन-तीन इंच खाली घ्या.

पहिले चार दिवस मोकळ्या मैदानात जा. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून सीटवरून उभं राहा, गुडघे आणि कोपरं सैल, टाचा किंचित खाली. असंच उभं राहून मैदानाला फेऱ्या मारा. डोंगरातल्या उतारावर शरीर असंच असायला हवं, सायकल पायांखाली हलत राहते आणि तुम्ही स्थिर राहता. नजर चाकासमोरच्या दगडावर ठेवू नका. ज्या दगडाकडे बघाल, सायकल त्याच दगडावर जाते. जिथून जायचं आहे तिकडे बघा, चार-पाच मीटर पुढे.

ब्रेकला जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो, तरी आपल्या सायकलीचा तपासून घ्या. थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, म्हणून त्याला घाबरून फक्त मागचा दाबू नका. मागचं चाक घसरत राहतं, वाट उकरली जाते आणि सायकल थांबतच नाही. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबायची सवय करा. एक गोष्ट मात्र पक्की ठरवा: वेग वळणाआधी, सायकल सरळ असतानाच कमी करायचा. मुरमावर वळता वळता मी पुढचा ब्रेक दाबला होता, आणि हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. ती वेदना तुमच्या वाट्याला येऊ नये.

चढावर गिअर चढ लागायच्या आधी हलका करा. पायांवर जोर आल्यावर गिअर बदललात तर चेन कडकड करते, कधी तुटतेही. सीटच्या पुढच्या टोकाशी सरकून छाती हँडलकडे झुकवा, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही. दम लागला तर उतरून ढकला. आम्हीही ढकलतो.

टेकडीवर

वेताळ टेकडीसारख्या जागी पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, त्यात आजी-आजोबा, लहान मुलं, मोकळी सोडलेली कुत्री. वाट आधी त्यांची. लांबूनच घंटी वाजवा, वेग चालण्याइतका करा, अरुंद जागी उतरा. वनखात्याच्या फाटकावरची पाटी वाचा आणि सायकलला मनाई असेल तर परत फिरा. एका सायकलवाल्याच्या धसमुसळेपणामुळे पुढच्या सगळ्यांची वाट बंद होते.

एकट्याने जाऊ नका. बाभळीचे काटे प्रत्येक वाटेवर पडलेले असतात, म्हणून जास्तीची ट्यूब, टायर रिमवरून उचकटायच्या दोन पट्ट्या (टायर लिव्हर) आणि छोटा पंप पिशवीत हवेतच. पंक्चर काढणं शिकायला दुकानात या, अर्ध्या तासात येतं. पाणी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर धरा. खायला राजगिऱ्याचा लाडू किंवा गूळ-शेंगदाणे. हेल्मेट आपटलं असेल तर वरून धड दिसलं तरी बदला, आतला थर एकदाच मार झेलतो.

भर पावसात टेकडीवर जाऊ नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. शेवाळलेल्या कातळावर कोणताच टायर टिकत नाही. शिवाय ओल्या मातीत चाकाने पडलेली चरी पुढच्या सरीत ओघळ होते आणि वाट वाहून जाते. त्या महिन्यांत डांबरी घाट आहेतच.

घरी आल्यावर बादली आणि फडक्याने धुवा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. चेन कोरडी करून सायकलीच्या चेनचंच तेल प्रत्येक कडीवर एक थेंब टाका आणि वरचं पुसून घ्या. खोबरेल आणि इंजिन ऑइल दोन्ही धूळ धरून ठेवतात. डिस्कवर तेलाचा एक शिंतोडाही उडू देऊ नका, ब्रेक लागेनासा होतो.

महिन्याभरात केबली ताणल्या जातात आणि नव्या चाकांच्या तारा सैल होतात, तेव्हा पहिल्या सर्व्हिसला आणा. त्याचे पैसे नाहीत. शनिवारी संध्याकाळी नुसती हवा तपासायला आलात तरी चालेल. येताना रविवारी जे बूट घालून सायकल चालवणार आहात तेच घालून या, म्हणजे सीटची उंचीही बरोबर लावून देता येईल.