कालव्याकाठच्या भिंती: फ्लोरिडात वादळानंतरची दुरुस्ती आणि तिच्यामागचा इतिहास

१० सप्टेंबर २०१७ रोजी 'इर्मा' चक्रीवादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मार्को आयलंडपाशी जमिनीवर आले. त्याच्या उत्तरेकडच्या खाड्यांमध्ये त्या दिवशी पाणी चढले नाही, ओसरले. उत्तर गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते, त्यामुळे वादळाच्या केंद्राच्या, म्हणजे 'डोळ्या'च्या, उत्तरेला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वाऱ्याने टॅम्पा, सारासोटा आणि शार्लट हार्बर या खाड्यांचे पाणी बाहेर ढकलले आणि तळ उघडा पडला. सारासोटाच्या खाडीत चिखलात अडकलेल्या मॅनाटी या अवजड जलचर सस्तन प्राण्यांना लोकांनी ताडपत्रीवर घालून पाण्यापर्यंत नेल्याची दृश्ये तेव्हा जगभर पाहिली गेली. शार्लट हार्बरच्या काठी पुंटा गोर्डा शहर आहे. तिथल्या कालव्यांतही पाणी ओहोटीच्या नेहमीच्या पातळीखाली गेले, आणि घरांमागच्या काँक्रीटच्या भिंती कालव्यात कलंडू लागल्या. कित्येक मैल लांबीच्या भिंतींची हानी झाली.

पुढे २०२२ मध्ये 'इयन' आणि २०२४ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने 'हेलेन' व 'मिल्टन' आले. या भागातली भिंतींची दुरुस्ती त्यामुळे एक पुरी होते न होते तोच दुसरी सुरू, अशी चालली आहे. वादळे वाढली एवढे म्हटल्याने ही परिस्थिती समजत नाही. कोणत्या जमिनीवर घरे उभी राहिली, भिंत कशासाठी बांधली आणि ती मालकीची कोणाची, हे साठ-सत्तर वर्षांपूर्वी ठरले. आजचा खर्च आणि आजची भांडणे तिथून आलेली आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे ही भिंत समुद्र अडवायला बांधलेली नाही. मरीन ड्राइव्हचा कठडा आणि पुढचे टेट्रापॉड लाटांचा मारा झेलायला आहेत. फ्लोरिडाच्या निवासी कालव्यांत लाट जवळपास नसतेच. तिथली 'सीवॉल' मागची माती धरून ठेवते. काँक्रीटचे ओतीव पट्टे पाण्याच्या झोताने वाळूत उभे उतरवायचे, एकाची कड दुसऱ्याच्या खाचेत बसवायची, वरून सलग काँक्रीटची पट्टी ओतायची. मग त्या पट्टीतून लोखंडी गज मागे जमिनीत नेऊन पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्याला बांधायचे. म्हणजे भिंतीचा माथा मागून गजांनी धरलेला असतो आणि पायथा समोरून कालव्याच्या तळातल्या मातीने.

रोजच्या भरती-ओहोटीत हे गणित जमते, कारण समोरचे पाणी स्वतःच भिंतीला टेकू देते. वादळात मुसळधार पावसाने मागची माती चिंब होते आणि त्याच वेळी वारा समोरचे पाणी पळवतो. मागच्या व पुढच्या पाण्यात एक मीटरचा फरक पडला, की समोरच्या पाण्याच्या पातळीखाली दर चौरस मीटरला साधारण एक टन जादा रेटा येतो, तोही मातीच्या रेट्यावर. मातीतले पाणी निघून जावे म्हणून भिंतीला छिद्रे ठेवतात, पण वर्षानुवर्षे शिंपले आणि गाळ बसून ती बुजलेली असतात. गज खाऱ्या पाण्याने गंजलेले असतात. बोटींच्या पंख्यांनी पायथ्याची माती उकरलेली असते. मग एक तर गज तुटून माथा पुढे झुकतो, किंवा पायथाच कालव्यात सरकतो. इयनसारख्या वादळात मागाहून लाटेचे पाणी जमिनीवर चढले आणि उतरताना पुन्हा तोच रेटा देऊन गेले.

भिंत पडली की मागचे अंगण तिच्यामागून जाते. स्विमिंग पूल कलतो, बोटीचा धक्का तुटतो, माती कालव्यात पसरून शेजाऱ्याच्या बोटीची वाट अडते. आणि शेजाऱ्याची भिंत वरच्या पट्टीने माझ्या भिंतीला जोडलेली असल्यामुळे माझी पडताना त्याची ओढते. ही बाब पुढच्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे.

ही घरे कालव्याकाठी आली कशी? जमीन विकणाऱ्यांना पाण्याकाठचे प्लॉट हवे होते आणि किनारा तर मोजकाच होता. यावरचा तोडगा १९२० च्या दशकात फोर्ट लॉडरडेलमध्ये चार्ल्स रोड्स याने राबवला. दलदलीच्या जमिनीत समांतर कालवे खोदायचे आणि निघालेली माती दोन कालव्यांमधल्या पट्ट्यावर टाकून तो उंच करायचा. दोन्ही हातांची बोटे पसरावीत तसे जमिनीचे पट्टे आणि पाण्याचे पट्टे आलटून पालटून येतात, आणि प्रत्येक प्लॉटला मागच्या बाजूला पाणी मिळते. १९२६ च्या वादळाने आणि पाठोपाठच्या मंदीने तो जमीनबाजार बसला, पण पद्धत टिकली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती खरी फोफावली. एअर कंडिशनर घरोघरी पोचत होते, डासांवर फवारणी सुरू झाली होती आणि उत्तरेकडच्या थंड शहरांतले निवृत्त लोक दक्षिणेकडे बघू लागले होते. बाल्टिमोरचे लेनर्ड आणि जॅक रोझेन हे भाऊ त्याआधी टीव्हीवर जाहिराती करून लॅनोलिनचे केसांचे औषध विकत. १९५७ मध्ये त्यांनी फोर्ट मायर्ससमोर, कलूसाहॅची नदीच्या पलीकडे, रेडफिश पॉइंटची जमीन घेतली. पहिल्या खरेदीची किंमत ६,७८,००० डॉलर सांगितली जाते. तिथे केप कोरल उभे राहिले. जेवणावळी घालून, लहान विमानातून वरून प्लॉट दाखवून, अगदी थोडी रक्कम आधी आणि बाकी महिन्याच्या हप्त्याने अशा बोलीवर प्लॉट विकले गेले. घेणाऱ्यांतल्या पुष्कळांनी ती जमीन डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. फसव्या विक्रीबद्दल रोझेन बंधूंच्या गल्फ अमेरिकन कंपनीने १९६७ मध्ये राज्याच्या जमीनविक्री मंडळासमोर गुन्हा कबूल केला आणि १९६९ मध्ये कंपनी विकली गेली. तोवर शहराचा सांगाडा खोदून झाला होता. आज केप कोरलमध्ये ४०० मैलांहून अधिक लांबीचे कालवे आहेत आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १,९४,०१६ आहे.

कालवे मुळात कशासाठी खोदले, हे विक्रीच्या पत्रकांत कुणी सांगितले नाही. ती भरावाच्या मातीची खाण होती. घर बांधण्याइतकी जमीन उंच करायला माती लागते, ती दुरून आणणे परवडत नाही, म्हणून शेजारीच खणायची. अंगणातली माती म्हणूनच सैल, वालुकामय आणि पाण्याने सहज वाहून जाणारी आहे. तिला धरायला उभी भिंत लागते. आधी तिथे जी तिवरे होती त्यांच्या मुळांनी हेच काम फुकट केले असते, पण ती तोडून टाकली होती.

पुंटा गोर्डाची कहाणी थोडी वेगळी आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. पीस नदीच्या मुखाशी असलेल्या या जुन्या गावाच्या पश्चिमेला १९५० च्या दशकाच्या अखेरीस अल जॉन्स, बड कोल आणि सॅम बर्चर्स यांनी पुंटा गोर्डा आयल्स ही वसाहत सुरू केली. खोदाईची रीत तीच होती. फरक पडला तो नंतर. भिंतींची आणि कालव्यांची देखभाल शहराने हाती घेतली आणि त्यासाठी वेगळा कर-विभाग केला. विभागातला प्रत्येक प्लॉटधारक दरवर्षी ठरलेली रक्कम भरतो, भिंत कोणाचीही पडो. तपासणी, डागडुजी, गाळ काढणे, नवी भिंत उभारणे हे सगळे शहर करते.

केप कोरलमध्ये भिंत घरमालकाची. त्याने बघायचे, त्याने दुरुस्त करायचे, त्याने पैसे घालायचे.

खोदाई कायमची चालू राहिली नाही, कारण १९६० च्या दशकात लोकमत बदलू लागले. सेंट पीटर्सबर्गजवळच्या बोका सिएगा खाडीत इतकी भर पडली होती की मासेमारी करणारेही विरोधात उभे राहिले. तिथे आणखी सुमारे ११ एकर भरायला लष्कराच्या अभियंता दलाने १९६७ मध्ये परवानगी नाकारली. १८९९ च्या नदी-बंदर कायद्याखाली हे दल तोवर फक्त जहाजांच्या वाटेला अडथळा होतो का ते पाहत असे. मासे आणि पाणथळ जागा जपण्यासाठीही परवानगी नाकारता येते, असा निकाल 'झेबल विरुद्ध टॅब' या खटल्यात अपील न्यायालयाने १९७० मध्ये दिला. १९७२ च्या जलप्रदूषण कायद्याने आणखी बळ दिले. १९७६ मध्ये मार्को आयलंडवर डेल्टोना कंपनीला मोठ्या भागांची परवानगी मिळाली नाही, जिथले प्लॉट तिने आधीच विकून टाकले होते. नव्या कालवे-वसाहतींचा काळ तिथे जवळजवळ संपला. आधीच्या मात्र तशाच राहिल्या, आणि त्यांच्या भिंती एकाच पिढीत, एकाच प्रकारे, जवळजवळ एकाच वेळी बांधलेल्या. खाऱ्या पाण्यातल्या काँक्रीटचे आयुष्य तीस ते पन्नास वर्षे धरले, तर २००० नंतर त्या सगळ्या एकदमच म्हाताऱ्या झाल्या. ऑगस्ट २००४ मध्ये 'चार्ली' वादळ थेट पुंटा गोर्डावरून गेले. ते लहान आणि वेगवान होते, त्याने मुख्यतः छपरे उडवली. त्यामुळे पाण्याकडच्या बाजूचा धोका लोकांच्या मनात तितका ठसला नाही, असे मला वाटते.

पैशांचा प्रश्न इर्मा आणि इयननंतर नीट उघड झाला. अमेरिकेतला सरकारी पूर-विमा, ज्याची प्रमाणित पॉलिसी सगळीकडे सारखी असते, तो भिंती, धक्के, कुंपणे आणि स्विमिंग पूल यांना लागूच होत नाही. तसे पॉलिसीत स्पष्ट लिहिलेले आहे. खासगी गृहविम्यातही बहुधा ही भिंत वगळलेली असते. घर शाबूत आणि मागचे अंगण कालव्यात, अशा माणसाला विम्याचा एक डॉलर मिळत नाही. संघराज्याची आपत्कालीन यंत्रणा 'फेमा' सार्वजनिक मालमत्तेच्या दुरुस्तीचा खर्च परत देऊ शकते. पुंटा गोर्डाची भिंत शहराच्या ताब्यात असल्यामुळे शहर तिच्या दारात जाऊ शकते. कागदपत्रांना वर्षे लागतात, तोवर शहराला कर्ज काढावे लागते, पण दार तरी असते. केप कोरलच्या घरमालकाला खासगी भिंतीसाठी ते दार बंद आहे. त्याच्यापुढे पर्याय उरतो सरकारी आपत्ती-कर्जाचा किंवा स्वतःच्या बचतीचा. इयननंतर ८० फुटांच्या नेहमीच्या प्लॉटची नवी भिंत पन्नास हजार ते लाख डॉलरच्या घरात जाऊ लागली. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्यासाठी ही रक्कम म्हणजे घर विकण्याचे कारण ठरू शकते.

सामूहिक व्यवस्थाच इथे न्याय्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंत सलग आहे, पाणी सलग आहे, कालव्यातला गाळ सगळ्यांचा आहे. एकाने भिंत बांधली आणि दोन्हीकडच्यांनी नाही, तर दोन टोकांनी माती निसटतच राहते आणि त्याचे पैसे पाण्यात जातात. पुंटा गोर्डातही कुरबुरी आहेत. वादळांनंतर वार्षिक आकारणी वाढली, आणि ज्यांची भिंत धड आहे त्यांना ती टोचते. पण तिथे रांग कशी लावायची, कोणत्या कालव्यापासून सुरू करायचे, हे एका ठिकाणी ठरते.

प्रत्यक्ष काम फार हळू चालते. घरामागे स्विमिंग पूल आणि त्यावरचा जाळीचा पिंजरा असल्यामुळे रस्त्याकडून क्रेन आत येत नाही. काम पाण्यावरून, तराफ्यावरच्या क्रेनने करावे लागते आणि असे तराफे मोजकेच असतात. आधी कालव्यात सरकलेली माती काढायची, पडलेले पट्टे उचलायचे, उघडी माती तोवर दगडांच्या राशीने थोपवायची. नवे काँक्रीटचे पट्टे ओतून त्यांना पुरेशी ताकद येईपर्यंत थांबावे लागते. त्यामुळे अनेक जण आता न गंजणाऱ्या व्हिनाइलच्या पत्र्यांकडे वळले आहेत. कालवा अरुंद असल्याने दगडांचा उतार किंवा तिवरांची लागवड हे चांगले उपाय सगळीकडे मावत नाहीत.

फ्लोरिडाच्या कायद्यात एक उपयोगी सवलत आहे. जुन्या जागेवर किंवा तिच्यापासून पाण्याकडे १८ इंचांच्या आत भिंत पुन्हा बांधली, तर राज्याचा वेगळा पर्यावरण परवाना लागत नाही. त्यामुळे जुनी भिंत न उपसता तिच्यापुढे नवी रोवता येते. काम स्वस्त होते, अंगणाला धक्का लागत नाही, मात्र दोन्ही काठांनी तसेच केले तर कालवा तीन फुटांनी अरुंद होतो.

उंचीचा प्रश्न याहून अवघड आहे. फोर्ट मायर्सच्या भरतीमापकाच्या १९६५ पासूनच्या नोंदींत समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढलेली दिसते. १९६० च्या उंचीचीच भिंत पुन्हा बांधणे म्हणजे मोठ्या भरतीला पाणी अंगणात येऊ देणे. ती उंच केली तर मागे पावसाचे पाणी तुंबते आणि आधी सांगितलेला रेटा आणखी वाढतो. म्हणून अंगण, निचरा आणि भिंत एकत्र उचलावी लागतात, तेही सलग अख्ख्या कालव्याला. पुंटा गोर्डाला असा निर्णय शहर म्हणून घेता येईल. केप कोरलमध्ये तो एकेका घरमालकाला आपापल्या ८० फुटांपुरता घ्यावा लागतो.