जुन्या पिकअपचं स्टीअरिंग: आधी प्ले काढा, मग पॉवर बसवा

पिकअप सपाट जमिनीवर उभा करा, पुढची चाकं सरळ ठेवा आणि स्टीअरिंग दोन बोटांनी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. चाक हलायला लागेपर्यंत स्टीअरिंगची कड किती सरकते, ते पट्टीनं मोजा. बरीच वर्षं राबलेल्या गाडीत हा प्ले, म्हणजे स्टीअरिंगचं मोकळं सरकणं, ३० मिलिमीटर निघू शकतो. ४०० मिलिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगवर तो साधारण ८.६ अंश भरतो. बॉक्सचं, म्हणजे स्टीअरिंगच्या गिअरबॉक्सचं, गुणोत्तर २०:१ असेल (स्टीअरिंग २० अंश फिरलं की चाक १ अंश वळतं), तर रस्त्यावरच्या चाकाशी उरतात ०.४३ अंश. हे क्षुल्लक वाटतं. पण चाकं तेवढी वळलेली राहिली, तर ३ मीटर व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराची) गाडी ताशी ६० किलोमीटर वेगात एका सेकंदात सुमारे ३५ सेंटिमीटर बाजूला जाते. सरळ रस्त्यावरही चालकाला सतत स्टीअरिंग सावरावं लागतं, ते यामुळेच.

अशा गाडीला थेट पॉवर स्टीअरिंग लावायचा मोह होतो. तो आवरावा. पॉवर स्टीअरिंग जडपणा घालवतं, प्ले घालवत नाही. उलट स्टीअरिंग हलकं झालं की झिजलेला सांधा हाताला जाणवेनासा होतो.

प्ले कुठून येतो हे शोधायला दोन माणसं लागतात. एकानं स्टीअरिंग थोडं-थोडं हलवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली जाऊन प्रत्येक सांधा हातानं तपासायचा. चाकं जमिनीवरच हवीत, कारण भार असतानाच झीज उघडी पडते. बोटं सांध्याच्या दोन्ही भागांवर एकदम टेकवा. डोळ्यांना न दिसणारा अर्धा मिलिमीटरही बोटांना कळतो. शाफ्टवरच्या रबरी कपलिंगपासून सुरुवात करा, मग बॉक्स, ड्रॉप आर्म (बॉक्सबाहेरचा फिरणारा दांडा), ड्रॅग लिंक (त्याला चाकांकडे जोडणारी दांडी) आणि टाय रॉड एंड (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचे सांधे). बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतोय का, हे जरूर पाहा.

नंतर गाडी जॅकवर उचलून स्टँडवर टेकवा आणि चाक वर-खाली धरून हलवा. प्ले असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंग पिन किंवा बॉल जॉइंटचा, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याचा.

बॉक्सच्या झाकणावर लॉक नट असलेला एक स्क्रू असतो. प्ले दिसला की तो आवळून टाकायची सवय अनेकांना आहे, आणि बॉक्स बिघडतात ते त्यामुळेच. बॉक्सचे दात मध्यावर मुद्दाम घट्ट बसवलेले असतात, दोन्ही टोकांना सैल. टोकाला असताना स्क्रू आवळला, तर मध्यावर येताच दात एकमेकांवर रुततात. म्हणून आधी ड्रॅग लिंक सोडवा. स्टीअरिंगचे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा, बरोबर निम्म्यावर आणा आणि स्क्रू एका वेळी अष्टमांश फेराच फिरवा. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होत नसेल, तर समजा जास्त आवळलं गेलंय.

आता पॉवरकडे वळू. गाडी उभी असताना टायर जागच्या जागी रस्त्यावर घासून फिरवावा लागतो, म्हणून सगळ्यात जास्त जोर तेव्हाच लागतो. तो हातानं पेलावा म्हणून जुन्या बॉक्सचं गुणोत्तर मोठं ठेवत, आणि मग फेरे वाढत. फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्यानं १९२६ मध्ये तेलाच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग गाडीत बसवून दाखवलं; बाजारातल्या मोटारीत ते १९५१ च्या क्रायसलर इंपीरियलमध्ये आलं. पॉवर स्टीअरिंगच्या बॉक्समध्ये एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पिळवटणारी दांडी, असतो. स्टीअरिंग फिरवताना तो किंचित पिळवटतो, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं तेल पिस्टनच्या योग्य बाजूला जातं.

७५ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ९० बार दाब आला, तर जोर होतो जवळपास ४ टन. तो बॉक्सच्या बोल्टमधून थेट चेसिसवर येतो. १९७३ ते १९८७ दरम्यानच्या शेव्हरोले पिकअपमध्ये बॉक्सभोवती चेसिसला तडे जाणं हा ओळखीचा आजार आहे. बॉक्स बसवण्याआधी ती जागा तारेच्या ब्रशनं उघडी धातू दिसेपर्यंत घासा. तडा सापडला तर त्याच्या टोकाला भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग वेल्डिंग करून वर जाड पट्टी जोडा. चेसिस पेटीसारखी बंद असेल, तर बोल्टसाठी आरपार नळी घालून वेल्ड करा. नळी नसेल तर बोल्ट आवळताना चेसिस चेपते आणि थोड्या दिवसांत बोल्ट सैल होतात.

बॉक्स निवडताना त्याचा ड्रॉप आर्म कोणत्या दिशेनं फिरतो, ते मूळ बॉक्सशी ताडून पाहा. दिशा चुकली तर स्टीअरिंग डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे वळेल. ड्रॉप आर्मची लांबी आणि ड्रॅग लिंकचा कोनही मूळ मापाजवळ ठेवा. नाहीतर खड्ड्यात स्प्रिंग दबली की चाकं आपणहून वळतात. जमत नाही म्हणून आर्म तापवून वाकवू नका. आर्म काढायला पुलर वापरा, हातोडा नको.

दाबाच्या बाजूची नळी प्रेस केलेल्या फिटिंगचीच हवी. क्लिप चालते ती फक्त परतीच्या नळीवर. हवा काढताना पुढची चाकं उचला, टाकी भरा आणि इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा. मध्येमध्ये तेल भरत राहा. हे न करता इंजिन सुरू केलं तर तेलाला फेस येतो आणि पंप कण्हू लागतो.

शेवटी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. स्टीअरिंग हलकं राहावं म्हणून जुन्या गाड्यांत कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) बेताचाच असे. आता तो ३ ते ५ अंशांपर्यंत नेता येतो, म्हणजे वळणानंतर चाकं आपोआप सरळ होतात. टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांच्या पुढच्या कडा किंचित आत वळवणं, त्यानंतरच लावा. बायस टायरला (आतले धागे तिरपे असलेल्या जुन्या पद्धतीच्या टायरला) २ ते ३ मिलिमीटर पुरतं. चाकं पूर्ण वळल्यावर बॉक्स आतून अडण्याआधी अ‍ॅक्सलवरचा स्टॉप लागला पाहिजे. कॅसल नटची (स्प्लिट पिनसाठी खाचा असलेल्या नटची) खाच बोल्टच्या भोकाशी जुळत नसेल तर नट थोडा आणखी आवळा, मागे फिरवू नका, आणि स्प्लिट पिन दर वेळी नवीच घाला. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर बॉक्सचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.