किलिमांजारो आरोहण : नियोजन

टांझानियाच्या उत्तर सीमेजवळील किलिमांजारो या पर्वतावर पायी चढण्यासाठी करावयाची पूर्वतयारी. तीत वाट व ऋतू यांची निवड, उंचीची सवय होईल अशी दिवसांची आखणी, शरीराची तयारी, शिधा, सामान व कागदपत्रे यांचा समावेश होतो. प्रस्तुत नोंद बडोद्याहून निघणाऱ्या मराठी गिर्यारोहकाला समोर ठेवून लिहिली आहे.

किलिमांजारो विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे ३ अंशांवर आहे. तो शिरा, किबो व मावेन्झी या तीन ज्वालामुखींचा बनलेला असून किबोच्या विवराच्या काठावरील उहुरू हे सर्वोच्च शिखर होय. त्याची उंची रूढ मापनानुसार ५,८९५ मी. मानतात. १९९९ च्या उपग्रहाधारित मोजणीत ती ५,८९२ मी. भरली, तरी फलकांवर व प्रमाणपत्रांवर जुनाच आकडा टिकून आहे. विषुववृत्तालगतची इतर काही उंच शिखरे म्हणजे एक्वादोरमधील चिंबोराझो (६,२६३ मी.), केन्यातील माउंट केन्या (५,१९९ मी.) आणि रुवेन्झोरीतील मार्गेरिटा (५,१०९ मी.). यांवर बर्फाचे वा कातळाचे तंत्र यावे लागते. किलिमांजारोच्या नेहमीच्या वाटांवर दोर वा हिमकुऱ्हाड लागत नाही. चालता येणाऱ्या कोणालाही हा डोंगर सोपा वाटतो तो यामुळेच, आणि नियोजनातील बहुतेक चुका याच समजातून होतात.

नाव : नावाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. क्राप्फ या मिशनऱ्याने १८६० मध्ये किनाऱ्यावरील स्वाहिली लोकांच्या आधाराने ‘महत्तेचा पर्वत’ आणि ‘तांड्यांचा पर्वत’ असे दोन अर्थ दिले. दुसऱ्या अर्थात ‘जारो’ म्हणजे व्यापारी तांडा असे त्याने धरले. पुढे ‘न्जारो’ म्हणजे शुभ्रता वा चकाकी असे मानून ‘चमकणारा पर्वत’ हा अर्थ रूढ झाला आणि प्रवासी पुस्तिकांत तोच आढळतो. या सर्व मतांना एक अडचण आहे. स्वाहिलीत पर्वताला ‘म्लिमा’ म्हणतात. ‘किलिमा’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप असून त्याचा अर्थ टेकडी असा होतो. आफ्रिकेतील सर्वांत उंच पर्वताला टेकडी का म्हणावे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. मासाई भाषेतील पाण्याच्या झऱ्यांच्या शब्दाशीही संबंध जोडला गेला आहे. पर्वताच्या पायथ्याशी राहणाऱ्या चागा लोकांच्या बोलीत मात्र ‘किलेमा’ या रूपाशी हार खाणे, अवघड होणे हा अर्थ निगडित आहे. त्यांच्याकडे अख्ख्या पर्वताला एक नाव नव्हतेच. किबो आणि मावेन्झी अशी शिखरांची वेगळी नावे होती. तांड्यांबरोबर आलेल्या परक्यांनी नाव विचारले असता चागांनी ‘तिथे जाणे तांड्याला जमत नाही’ अशा अर्थाचे उत्तर दिले आणि तेच पुढे नाव म्हणून चालले, हे मत त्यातल्या त्यात अधिक संभाव्य वाटते.

पूर्वेतिहास : योहानेस रेब्मान या जर्मन मिशनऱ्याने ११ मे १८४८ रोजी शिखरावर बर्फ पाहिल्याचे नोंदवले. विषुववृत्तावर बर्फ असणे शक्य नाही, असे सांगून लंडनमधील भूगोलज्ञ डेझबरो कूली यांनी ते वृत्त नाकारले; ते स्वतः तेथे कधी गेले नव्हते. वाद मिटला तो फोन डर डेकेन या जर्मन प्रवाशाच्या १८६१ व १८६२ च्या मोहिमांनंतर. दुसऱ्या मोहिमेत तो व त्याचा सोबती केर्स्टेन सुमारे ४,३०० मी. पर्यंत चढले. शिखरावर पहिले पाऊल जर्मन भूगोलज्ञ हान्स मायर व ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर यांनी ६ ऑक्टोबर १८८९ रोजी ठेवले. नियोजनाच्या दृष्टीने ही मोहीम मुळातून पाहण्याजोगी आहे. मायरचे आधीचे प्रयत्न फसले होते, त्यांतला एक वाटेतील बंडामुळे. तिसऱ्या खेपेस त्याने डोंगरावर टप्प्याटप्प्याने तळ टाकले आणि खालून शिधा येत राहील अशी व्यवस्था केली. त्यामुळे ३ ऑक्टोबरला विवराच्या काठापर्यंत जाऊन परतावे लागले तरी मोहीम मोडली नाही. तीन दिवसांनी पुन्हा चढता आले. आजच्या भाषेत सांगायचे, तर त्याने हाताशी जादा दिवस राखले होते.

योहानी किन्याला लाउवो या चागा वाटाड्याचे नाव या मोहिमेशी जोडले जाते; तो शिखरावर गेला की नाही, याबद्दल मतभेद आहेत. मायरच्या वृत्तांतात शिखरावर दोघेच पोहोचल्याचे दिसते. लाउवो जंगलपट्ट्यातून वाट दाखवणाऱ्यांपैकी असावा, हे मत ग्राह्य धरण्यास हरकत नाही. शिखराचे आधीचे नाव जर्मन सम्राटावरून होते. टांगानिका (आजच्या टांझानियाची मुख्य भूमी) ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाल्यावर ते ‘उहुरू’ म्हणजे स्वातंत्र्य असे झाले.

विरळ हवा : बडोदे शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५–४० मी. उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब सुमारे १,०१० हेक्टोपास्कल असतो, उहुरूवर तो सुमारे ५०० असतो. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण दोन्हीकडे सुमारे २१ टक्केच. कमी होतो तो दाब, आणि त्याबरोबर फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलणारे बळ. शिवाय श्वासनलिकेत हवा ओलसर होते व त्या बाष्पाचा दाब (पाऱ्याचे ४७ मिमी.) उंचीनुसार घटत नाही. म्हणून शिखरावर प्रत्यक्ष लाभणारा ऑक्सिजन निम्म्याहूनही थोडा कमी भरतो. विषुववृत्तावरील पर्वताला येथे एक सवलत आहे. उष्ण कटिबंधावर हवेचा थर अधिक जाड असतो, त्यामुळे त्याच उंचीवरील ध्रुवाकडच्या डोंगरापेक्षा येथे दाब थोडा जास्त राहतो.

शरीर या विरळपणाशी कसे जुळवून घेते हे समजले की दिवसांची आखणी आपोआप समजते. पहिल्या काही तासांतच श्वास जलद होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेर पडून रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदू श्वासाला लगाम घालू लागतो. झोपेत श्वास अडखळत, थांबत चालतो तो यामुळे. तंबूतल्या सोबत्याला ते ऐकून घाबरायला होते. मूत्रपिंडे बायकार्बोनेट हा रक्तातील अल्कधर्मी घटक बाहेर टाकून ही अडचण दूर करतात, पण त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात, म्हणजे आठ दिवसांच्या चढाईत त्यांचा भरवसा धरता येत नाही. अॅसेटाझोलामाइड हे औषध (बाजारातील नाव डायमॉक्स) मूत्रपिंडांचे हेच काम लवकर करवून घेते. प्रतिबंधासाठी १२५ मिग्रॅ. दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, अशी मात्रा सामान्यतः दिली जाते. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी आणि एरवीही सर्वांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.

पर्वतीय वैद्यकाचा नियम असा : ३,००० मी. च्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मी. हून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. मारांगू वाटेवरील पाच दिवसांचा कार्यक्रम या नियमाशेजारी ठेवून पाहावा. मुक्काम मंदारा (सुमारे २,७२० मी.), होरोंबो (३,७२० मी.) आणि किबो (४,७२० मी.), म्हणजे रोज सरळ हजार मीटरची उडी. ही वाट पक्क्या लाकडी झोपड्यांमुळे आणि कमी खर्चामुळे आपल्याकडे पसंत केली जाते. पाच दिवसांत ती करू नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. होरोंबोला एक जादा दिवस राहणे हा अगदी किमान उपाय.

वाटा : माचामे व लेमोशो या वाटांवर तंबूत राहावे लागते. दोन्ही लाव्हा टॉवर या कातळसुळक्यापाशी (सुमारे ४,६३० मी.) चढून त्याच दिवशी बारांकोला (सुमारे ३,९७६ मी.) उतरतात. दिवसा उंच जावे, रात्री खाली झोपावे, हे तत्त्व या टप्प्यात उत्तम साधते. माचामे सात दिवसांत आणि लेमोशो आठ दिवसांत आखणे शहाणपणाचे. रोंगाई उत्तरेकडून येते व तुलनेने कोरडी असते. उंब्वे उभी व घाईची आहे. किबोच्या पश्चिम कड्यावरून जाणाऱ्या वेस्टर्न ब्रीचच्या वाटेवर जानेवारी २००६ मध्ये दरड कोसळून तीन गिर्यारोहक मृत्यू पावले. प्रथमच जाणाऱ्याने तिचा विचार करू नये. परवानाधारक वाटाड्या सर्व वाटांवर सक्तीचा आहे.

ऋतू : मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत मोठा पाऊस आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा पाऊस असतो. बडोद्यातील शाळांच्या दोन्ही सुट्ट्या, उन्हाळ्याची आणि दिवाळीची, नेमक्या यांवर येतात, त्यातही दिवाळी उशिरा आली तर हमखास. सहकुटुंब जाणाऱ्यांनी सुट्टीकडे न पाहता डोंगराकडे पाहावे. उत्तरायणानंतरचे जानेवारी–फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर हे चांगले महिने होत. शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते, म्हणून पौर्णिमा धरून जाण्याची पद्धत आहे. कोजागरीचा चंद्र तेथे मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो आणि विजेरीची फारशी गरज राहत नाही.

विषुववृत्तावर दिवसरात्र वर्षभर सारखीच. ऋतूंचा फेरा एका दिवसात पुरा होतो : दुपारी कातडी सोलणारे ऊन, रात्री गोठवणारी थंडी. शिखराच्या रात्री पारा उणे १० ते उणे २० अंशांपर्यंत उतरतो. बारांकोच्या खोऱ्यातील राक्षसी सेनेशिओची झाडे हे रोज भोगतात. माणसाहून उंच खोड, त्यावर वाळक्या पानांचे जाड आवरण, आणि टोकाला कोबीसारखा पानांचा झुबका. संध्याकाळी तो झुबका आतला कोंब झाकत मिटत जातो, सकाळी ऊन लागल्यावर उलगडतो. कपड्यांची योजना याच न्यायाने करावी. एका जाड कोटापेक्षा थरावर थर बरे, म्हणजे तासातासाला काढता-घालता येतात.

तयारी : बडोदे सपाट. कमाटीबागेतील रोजची फेरी दम वाढवते, गुडघे तयार करत नाही. त्यासाठी सुमारे ५० किमी. वरील पावागढ (सुमारे ८०० मी.) हाताशी आहे. पावागढही ज्वालामुखीच्या लाव्हाचाच बनलेला. शनिवार-रविवारी पहाटे, यात्रेकरूंची गर्दी होण्याआधी, माचीपासून कालिकामातेच्या देवळापर्यंत पायऱ्या चढाव्या. पाठीवर पाण्याच्या आठ-दहा बाटल्या घ्याव्या आणि वर पोहोचल्यावर निम्मे पाणी झाडांना घालून टाकावे. चढताना ओझे मिळते, उतरताना गुडघे वाचतात. पुढचा टप्पा गिरनार. मात्र हे नीट ध्यानात असावे : पावागढ पाय तयार करतो, रक्त नाही. दांडिया बाजारातील आखाड्यात घाम गाळलेला तरुण ४,७०० मीटरवर डोके धरून बसतो आणि त्याची साठीतली आत्या सावकाश पुढे जाते, हे शक्य आहे. ताकद असलेला माणूस वेगात चालतो, आणि विरळ हवेत वेग हाच घातक. वाटाडे ‘पोले पोले’ म्हणतात, म्हणजे हळूहळू. हिमालयातील मागील वर्षाच्या ट्रेकचा अनुभव उपयोगी पडतो, उंचीची सवय मात्र काही आठवड्यांतच ओसरते. सवड असेल त्याने आधी अरुशाजवळचा मेरू (सुमारे ४,५६० मी.) चढावा.

उतरणीचा विचार बहुतेकजण करत नाहीत. माचामे व लेमोशो वाटांवरील शेवटच्या बाराफू तळापासून (सुमारे ४,६७० मी.) रात्री १,२०० मी. चढायचे आणि त्याच दिवशी म्वेका तळापर्यंत सुमारे २,८०० मी. उतरायचे. पावागढ एका दमात तीन-चार वेळा उतरण्याइतके हे होते. दोन काठ्या आणि अर्धा क्रमांक मोठे, पण आधी वापरून मऊ झालेले बूट यांवाचून पायाची नखे काळी पडतात.

शिधा व सामान : उंचीवर भूक मरते. तेलकट फरसाण व लिलो चिवडा खाली चविष्ट लागतो, वर नकोसा होतो. मऊ भात-मेतकूट, सुंठीचा चहा, राजगिऱ्याची वडी जाते. पाण्याची बाटली रात्री उलटी ठेवावी. बर्फ आधी वर धरतो, म्हणून बूच मोकळे राहते. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी असून ती प्रवाशांनाही लागू आहे. घरूनच कापडी पिशव्या शिवून न्याव्या. भारवाहकाच्या ओझ्याची मर्यादा २० किलो असून प्रवेशद्वारावर वजन होते. स्वस्त दर सांगणाऱ्या कंपनीत तो तोटा कोणाच्या तरी पाठीवर, पगारावर वा जेवणावर पडतो. भारवाहकांना काय मिळते, ते कुठे झोपतात, हे पैसे भरण्याआधी विचारणे आपले काम आहे.

भाषा व वेळ : गुजरातच्या चरोतर प्रदेशातील पेटलादकडचा भाग बडोदे संस्थानात होता आणि तेथून अनेक कुटुंबे पूर्व आफ्रिकेत गेली. तेथील भाषेतही ओळखीचे शब्द कानी पडतात : स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’, विम्याला ‘बिमा’ आणि चहाला ‘चाइ’ म्हणतात. विमा ६,००० मी. पर्यंतच्या पदभ्रमणाचा व हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च देणारा हवा. स्वाहिली घड्याळ आपल्या जुन्या घटकांप्रमाणे सूर्योदयापासून मोजतात : सकाळचे सात म्हणजे एक वाजला, मध्यरात्र म्हणजे रात्रीचे सहा. निघण्याची वेळ ठरवताना कोणते घड्याळ, हे विचारून घ्यावे.

माघार : डोकेदुखीबरोबर मळमळ वा भोवळ असेल तर त्याहून उंच जाऊन झोपू नये. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले टाकायला सांगावे. तोल गेला तर मेंदूला सूज येत आहे असे धरून, रात्र असली तरी लगेच खाली न्यावे. विश्रांती घेतानाही धाप लागत असेल आणि खोकला ओला झाला असेल तर फुप्फुसात पाणी भरत आहे. तेव्हाही हेच करावे. त्यासाठी गटात माणशी पुरेसे वाटाडे हवेत, म्हणजे एकाला उतरवताना बाकीच्यांची चढाई थांबत नाही आणि आजारी माणूस ‘माझ्यामुळे सगळ्यांचे राहील’ म्हणून गप्प बसत नाही. निघण्यापूर्वीच गटात ठरवून घ्यावे की परत फिरण्याचा शब्द वाटाड्याचा.

परतीची कागदपत्रे : केन्या वा इथिओपियामार्गे प्रवास असल्यास पीतज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य होते, २०१६ पासून ते आजन्म चालते. ते जवळ नसल्यास भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.